तिसऱ्या आजीची रजा

"मॅडम, माणसाला आज्या किती असतात?" मॅनेजरने विचारलं आणि रजेचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

आमचा मॅनेजर पुण्याचा. काम असलं की मला ताई म्हणतो. मॅडम म्हणाला की समजायचं, काहीतरी शेकणार आहे. मी फॉर्म पाहिला. मीच भरलेला होता, आमच्या रफूवालीच्या नावाने. नातं: आजी. कारण: चाळिसाव्याला जाणे. दिवस: सहा.

"दोन," मी म्हटलं. "बापाकडची एक आणि आईकडची एक."

"करेक्ट. बापाकडची गेली दोन वर्षांपूर्वी, आईकडची मागच्या वर्षी. दोन्ही वेळा आपण लीव्ह दिली. फाइलमध्ये आहे. मग ही तिसरी कुठून आली?"

मी फॉर्म उलटून पाहिला. मी गप्प बसले की माझ्या घरचे घाबरतात, पण मॅनेजरला अजून तेवढी ओळख नव्हती. तो पुढे म्हणाला, "रमझान तोंडावर आहे. सगळ्या अरबी दिवाणखान्यांचे, मजलिसींचे कार्पेट आत्ता येणार. आणि हिच्या आज्या मरतायत. फॉल्स इन्फर्मेशन दिली म्हणून वॉर्निंग लेटर टाइप करा तिच्या नावाने."

चूक तिची नव्हतीच. ती माझी होती.

आमचं वर्कशॉप इथे आखातात, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आहे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला बॅटरीवाला, मध्ये आम्ही. लोकांचे गालिचे आम्ही धुतो, वाळवतो, फाटलेले रफू करतो. मी तिथे हजेरी, रजा आणि व्हिसाचे कागद बघते. चौदा वर्षं झाली. रफूच्या खोलीत सगळे पुरुष, आणि त्यांच्यात एकच बाई. ती अझरबैजानची. पस्तिशीची, हाडापेराने मजबूत, डोक्याला मागे गाठ मारलेला रुमाल. रेशमी गालिच्याला उंदराने भोक पाडलेलं असो की सिगारेटने, ती असं भरून काढते की मालकालाच ते दाखवावं लागतं. हिंदी ती आमच्या कारागिरांकडून शिकली, त्यामुळे तिच्या हिंदीत पेशावर, बिहार आणि कराची एकत्र नांदतात. मला ती बाजी म्हणते. आमच्या रत्नागिरीच्या मुसलमानी घरांतही थोरल्या बहिणीला काही जण बाजी म्हणतात, म्हणून सुरुवातीला मला वाटलं, हेही तिने कारागिरांकडूनच उचललं असेल. तर नाही. तिच्या भाषेतही बहिणीला जवळजवळ तेच म्हणतात.

ती कामाला लागली त्या दिवशी मी तिला आपल्याकडे विचारतात तोच पहिला प्रश्न विचारला. गाव कुठलं?

"बाकू?" मीच सुचवलं, कारण मला तेवढंच एक नाव ठाऊक होतं.

"बाकू शहर है. तुमने गाँव पूछा," ती म्हणाली. तिने फोनवर नकाशा काढला आणि बोटांनी मोठा करत गेली. डोंगर आले, डोंगरात एक बारीक रस्ता आला, रस्ता संपला, आणि तो संपल्यावरही ती मोठा करतच राहिली. शेवटी करड्या रंगाचे चार ठिपके दिसले. नाव नव्हतं. तिने त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, ते जरा वेळ तिथेच राहू दिलं.

"केवढं आहे?" मी विचारलं.

"पहले इकतीस धुआँ था. अभी ग्यारह."

एकतीस धूर म्हटल्यावर मला वाटलं, विटांच्या भट्ट्या असतील. मी तसं विचारलंही. ती खो खो हसली. मग तिने माझ्याच वहीवर एक घर काढलं, त्यावर धुराडं काढलं आणि धुराड्यातून एक वळवळीत रेघ. एक घर, एक धूर. त्यांच्या म्हाताऱ्यांना गावात माणसं किती हे विचारलं तर सांगता येत नाही, पण धूर किती हे झोपेतही सांगतील. माणसं बाकूला जातात, रशियाला जातात, परत येतात, त्यांचा काय भरवसा. धूर मात्र एकतर असतो किंवा नसतो.

ते मला लगेच पटलं, कारण आमच्या खाडीकाठी चुली मोजतात. जमातीची वर्गणी चुलीमागे. मयताला माणूस चुलीमागे एक. आणि लग्नाचं आवतण देणाऱ्याचं मन मोठं असेल तर ते चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. हे मी तिला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमचे लोक शहाणे आहेत. इतक्या वर्षांत या ऑफिसात आमच्या लोकांना शहाणं म्हणणारी ती पहिलीच.

तर झालं असं की त्या अकरा धुरांपैकी एका धुराची म्हातारी वारली. ही सात वर्षांची असताना त्या म्हातारीने तिला मागावर बसवून गाठ मारायला शिकवलं होतं. गाठ सैल पडली की बोटांवर टपली मारायची आणि संध्याकाळी स्वतःच्या तंदुरातली पहिली रोटी हिलाच द्यायची. ही सगळी कहाणी तिने मला माझ्या टेबलासमोर उभ्याउभ्या सांगितली, डोळे पुसत. मी दुआ म्हटली आणि सिस्टीममध्ये रजेचा फॉर्म उघडला. नात्याच्या रकान्यात यादी उघडते: आई, वडील, नवरा, मूल, भावंड, आजीआजोबा. मी आजीवर बोट ठेवलं आणि पुढे गेले.

खोटं बोलतेय असं मला क्षणभरही वाटलं नाही. मी लहानपणी मोहल्ल्यातल्या सात बायकांना दादी म्हणत होते. त्यातली रक्ताची कोणती, हे मला लग्नाच्या याद्या करताना कळलं. म्हातारी वारली, पोरगी रडतेय, म्हणजे आजीच. शहरातल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने आधी फाइल पाहिली असती.

मॅनेजर गेल्यावर मी तिला बोलावलं. म्हटलं, घाबरू नको, सांग की सावत्र आजी होती. आजोबांची दुसरी बायको. कोण बघायला जातंय तुझ्या डोंगरात? लिहिते आणि खलास.

"नहीं," ती म्हणाली.

"अगं, रजा मिळेल."

"उसके पोते रूस में हैं. दादी उनकी है. मैं उनकी दादी क्यों लूँ?" मग तिने एक शब्द उच्चारला, हमकॅन्दली. कॅन्द म्हणजे गाव. हमकॅन्दली म्हणजे एका गावचं माणूस. "वो मेरी ये है. ये लिखो."

"गाववाली," मी म्हटलं.

"हाँ. गाववाली लिखो."

"यादीत नाही ते."

"तो लिस्ट ग़लत है," ती म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

मला तिचा असा राग आला. सावत्र, एवढं तीन अक्षरांचं खोटं बोलायचं होतं, तेही माझ्या नावावर जाणार होतं, आणि बाईसाहेबांना तत्त्व सुचत होतं. कारण जायलाच हवं होतं तिला. आईवडील गेले, भाऊ रशियात ट्रक चालवतो, त्यांच्या घराचा धूर आता हिच्या एकटीवर आहे. गावात कोणी गेलं की चाळिसाव्या दिवशी प्रत्येक धुरातून एक माणूस यावं लागतं. हिच्या आज्यांनंतर गावात झालेल्या दोन मयतांना हिच्या घरातून कोणी गेलं नव्हतं. तिसऱ्यांदाही कोणी आलं नाही तर म्हातारे तो धूर मोजणं सोडून देतात. मग बापाच्या अक्रोडांना झऱ्याच्या पाण्याची पाळी मिळत नाही, आणि ते घर हे घर उरत नाही, दगडमातीचा ढीग होतो. एवढं सगळं पणाला लागलेलं आणि हिला आजी लिहायला जड जातंय.

संध्याकाळी शारजाला घराजवळ, अल मजाजच्या लगूनच्या पाण्याकडेने चालताना मी हे लेकीला सांगितलं. ती अकरावीत आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्ही दोघी हट्टी असल्यामुळे असंच चाललंय. "ममा, जस्ट से शी'ज फॅमिली," ती म्हणाली. "हू केअर्स?"

"फॅमिली नाही ती," मी फटकन म्हटलं. "गाव आहे. गाव वेगळं."

बोलून गेले आणि मग चालतच राहिले, लेक मागे पडली तरी. कारण जे मी पोरीला सुनावलं ते स्वतः पाळलं नव्हतं.

आमच्या गावाला पलीकडच्या काठावर शाळा होती. एक होडीवाला होता, तो मला सहा वर्षं खाडी पार करून शाळेत न्यायचा. ओहोटीला चिखल असला की खांद्यावर घ्यायचा. माझ्या नात्यात तो कोणीही नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा मी याच सिस्टीममध्ये ही यादी उघडली, खालपर्यंत पाहिली, होडीवाल्याला तिच्यात जागा दिसली नाही, आणि मी यादी बंद केली. त्याच्या मुलाला व्हॉइस मेसेज पाठवला. चांगला लांबलचक पाठवला, पण मेसेजच. पुढच्या वर्षी त्याच घरात लग्न निघालं. शेजारीपाजारी सगळ्यांना चूलबंद. मला फोनवर, "आलात इंडियाला तर या." मी चिडून जमातीच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीला फोन लावला आणि विचारलं, आमच्या घराला चूलबंद का नाही? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "बाय, तुमची चूल तर बंदच हाय. तिला आणि काय बंद करायची?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच ते मला इतकं झोंबलं. तेव्हा मी रागावले जमातीवर. खरं तर रागवायला हवं होतं त्या यादीवर, आणि तिच्यापुढे मुकाट्याने मान तुकवणाऱ्या बाईवर.

दुसऱ्या दिवशी मी नवा फॉर्म हाताने लिहिला. नातं: हमकॅन्दली, म्हणजे एका गावची. मॅनेजरपुढे ठेवला आणि सांगितलं, आजी मी लिहिली होती, तिने नाही, वॉर्निंग लेटर द्यायचं तर मला द्या.

त्याने वाचलं. "ताई, हे काय रिलेशन झालं? उद्या सगळी लेबर येईल, गाववाला गेला, शेजारी गेला. बिहारच्या एका गावात दहा हजार लोक असतात."

"हिच्या गावात अकरा घरं आहेत, सर. रोज कोणी मरायला माणसं तरी हवीत ना तेवढी."

"पॉलिसीत नाही."

"मग पॉलिसी ज्याने लिहिली त्याला गाव नसेल."

हे त्याला लागलं. तो मूळ कुठला असं विचारलं की पुणे म्हणतो, आणि पुण्यात कुठे असं विचारलं की पेठ सांगतो. पुन्हा मॅडमवर आला. रजा नामंजूर, आणि वॉर्निंग लेटर मला. आमच्याकडची सगळी पत्रं मीच टाइप करते, तेव्हा माझं वॉर्निंग लेटरही मलाच टाइप करावं लागलं. त्याने दिलेल्या मजकुरात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. सही केली. फाइलला लावलं. चौदा वर्षांतलं पहिलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. उलट छाती जरा पुढे आली.

ती काय करणार हे मी विचारलं नाही. गुरुवारी सुट्टीच्या वेळी ती माझ्याकडे आली, आपली कात्री आणि गाठी ओढायचा आकडा माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि फोनवर तिकीट दाखवलं. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही.

"छह दिन," ती म्हणाली. "हाज़िरी में जो लिखना है, लिखो. ग़ैरहाज़िर लिखो. मैं हूँ ही नहीं तो वही सच है."

"नोकरी जाईल," मी म्हटलं.

"नौकरी और मिलेगी. धुआँ कौन देगा?"

मी तिला थांबवलं नाही. दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं आणि म्हटलं, जा.

तीन दिवस मी हजेरीत प्रामाणिकपणे गैरहजर लावलं. चौथ्या दिवशी मॅनेजर आला. बसला नाही. "अबस्कॉन्डिंग टाका तिच्यावर."

इथे राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कामगार फरार झाला अशी नोंद एकदा झाली की व्हिसा गेला, परत येण्याची वाट गेली, आणि पुन्हा इथे काम मिळणं कर्मकठीण. दोन मिनिटांचं काम असतं. पोर्टल उघडायचं आणि बटण दाबायचं.

"नाही टाकणार," मी म्हटलं.

"मॅडम, ती न सांगता गेली."

"सांगून गेली. तुम्ही नाही म्हणालात आणि ती गेली, हे खरं. पण फरार माणूस परतीचं तिकीट काढत नाही. आणि नियमाने फरार म्हणायला जितके दिवस लागतात तितके अजून झालेले नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"यल्ला ताई, वाद नको. टाका ना."

"सर, पुण्याला तुमच्या आईला शेजारीणबाईंनी विचारलं, वरच्या मजल्यावरचे कुठे गेले, तर आई काय सांगते?"

तो गोंधळला. "काय सांगणार? गावाला गेलेत."

"झालं तर. ही गावाला गेलीय."

त्याचा चेहरा लाल झाला. दुसरं वॉर्निंग लेटर देईन म्हणाला. मी म्हटलं, मजकूर पाठवा, टाइप करून ठेवते, सहीसाठी पेन माझ्याकडे आहे. स्वतः टाकायचं असेल तर पोर्टल तुम्हालाही उघडतं, पण माझ्या बोटाने हे होणार नाही. रफूच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती, आणि एरवी जरा काही झालं की हबीबी हबीबी करत मध्ये पडणारा आमचा ड्रायव्हरसुद्धा त्यांच्या मागेच थांबला होता.

मॅनेजरने ती नोंद केली नाही. त्याचं मन पाघळलं असं मी म्हणणार नाही. पोर्टल त्याला चालवता येत नाही, आणि त्याच दुपारी एका मोठ्या घरातून जळलेला रेशमी गालिचा आला, तो ईदच्या आत हवा होता. त्याला हात लावील असं माणूस आमच्याकडे एकच होतं.

सातव्या दिवशी सकाळी ती हजर. डोळ्यांखाली काळं, बुटांना डोंगराची माती, हातात हलव्याचा डबा. मॅनेजर रफूच्या खोलीत गेला, मी मागोमाग गेले, न जाणो. तो ओरडला नाही. कुत्सितपणे म्हणाला, "सो? आपका गाँव. कितना था, ग्यारह? अब कितना हुआ?"

"दस," ती म्हणाली.

"दस. मतलब कम ही हुआ. फिर जाके क्या फ़ायदा?"

तिने जळलेला गालिचा मांडीवर घेतला होता. सुई खाली ठेवली. म्हातारीचं घर आता बंद झालं, तिथे कोणी नाही, तो धूर गेला. आपण बापाचं घर उघडलं, झाडलं, शेगडी पेटवली, अंगणात उभ्या म्हाताऱ्याने काठीने छपरं दाखवत मोजलं आणि हिच्या छपरावर काठी थांबवली. हे सगळं तिने सावकाश सांगितलं. मग त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"नौ नहीं हुआ," ती म्हणाली.

त्याने गालिचा कधी होईल एवढं विचारलं आणि तो गेला.

मी हलवा खात तिच्याजवळ बसले. तिने सुईत रेशीम ओवलं आणि सहज विचारलं, "बाजी, तुम्हारे गाँव में कितने हैं?"

"चाळीसेक चुली असतील. चालीस," मी म्हटलं.

"तुम्हारा मिला के, या छोड़ के?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिच्या गावात हा साधा प्रश्न असणार. मी घरांची नावं मनात घेत गेले, खालच्या मोहल्ल्यापासून. आमच्या दारापाशी आले आणि अडले. दाराला मीच लावलेलं कुलूप आहे आणि त्याची चावी शारजाच्या कपाटात आहे.

"मिला के," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

मग टेबलावर आले आणि स्वतःच्या रजेचा फॉर्म हाताने लिहिला. दहा दिवस. नात्याच्या पुढे लिहिलं, गाव. कारणाची जागा कोरी ठेवली आणि कागद मॅनेजरच्या हातात दिला.

त्याने वाचला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खरोखर मऊ झाला. "अरे, ताई. कोण गेलं?"

"अजून कोणी नाही, सर," मी म्हटलं. "म्हणूनच चाललेय."